रावबहादुर दादोबा पांडुरंग तर्खडकर : विद्या, अधिकार आणि परमार्थ

लोकव्यवहारात यशाची मापे ठरलेली आहेत. अधिकार, पदवी, द्रव्य आणि चार लोकांतील मान ज्यास लाभला तो यशस्वी, असे सामान्यतः समजले जाते. परंतु ज्या पुरुषाने हे सर्व मिळविले, तो उतारवयात आपल्या आयुष्याकडे वळून पाहू लागला म्हणजे त्याची दृष्टी कोठे स्थिरावते, हे पाहण्यासारखे असते. गेल्या शतकापूर्वीच्या महाराष्ट्रातील एक थोर विद्वान रावबहादुर दादोबा पांडुरंग तर्खडकर ह्यांचे चरित्र ह्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. आधुनिक मराठी भाषेचे आद्य व्याकरणकार म्हणून त्यांचे नाव सर्वश्रुत आहे. मराठीचे पाणिनी ही बिरुदावली लोकांनी त्यांस आदराने दिली. सरकारदरबारीही त्यांचा मोठा सन्मान झाला. तथापि त्यांनी स्वहस्ते लिहिलेले आत्मचरित्र वाचावयास घेतले तर ह्या सन्मानाचा वृत्तांत त्यात सापडत नाही. ते लेखन पुरे झालेच नाही. १८४६-४७च्या सुमारास येऊन ते थांबते. डेप्युटी कलेक्टरचा अधिकार आणि रावबहादुर हा किताब त्यानंतरचे. हाती राहिले आहे ते बालपण, गुरुजन, विद्याभ्यास, परमुलखातील चाकरी आणि सुरत शहरी घालविलेली काही वर्षे. दैवयोगाने उरलेला हा भागच त्यांच्या अंतरंगाची खरी ओळख करून देतो.

जन्म आणि विद्याभ्यास

दादोबांचा जन्म मुंबई येथे ९ मे १८१४ रोजी झाला. त्यांचे घराणे मूळचे वसईनजीकच्या तर्खड गावचे. त्यावरून तर्खडकर हे आडनाव पडले. पित्याचे नाव पांडुरंग व मातेचे यशोदा. ही दोन नावे पुढे दादोबांनी आपल्या एका ग्रंथाच्या मस्तकी कायमची कोरून ठेविली. ती हकीकत यथास्थळी येईल.

पेशवाईचा अस्त १८१८ साली झाला, त्या वेळी दादोबा चार वर्षांचे होते. जुनी विद्या मावळत होती आणि नवी अद्याप उगवावयाची होती, अशा संधिकाळात त्यांचे बालपण गेले. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरे गिरवून त्यांनी आरंभ केला. त्याच सुमारास, म्हणजे १८२२ साली, मुंबईत एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी एक मंडळी स्थापन झाली होती; पुढे तिलाच बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणू लागले. ह्या सोसायटीच्या शाळेत दादोबांनी इंग्रजी विद्या संपादन केली. त्यांच्याहून दोन वर्षांनी वडील असलेले बाळशास्त्री जांभेकर ह्याच पिढीतील. दर्पण पत्र काढून बाळशास्त्र्यांनी मराठी वृत्तपत्रांचा पाया १८३२ साली घातला. दादोबांनी भाषेच्या मुळाशीच हात घातला.

त्या काळी मराठी मुलांस इंग्रजी भाषेचे व्याकरण पुस्तकावरून शिकता येत असे, संस्कृतचे शास्त्र्यांपाशी बसून शिकता येत असे. मात्र जी भाषा आईच्या मांडीवर शिकली तिचे नियम शिकण्यास साधन नव्हते. विल्यम केरी ह्या मिशनरी पंडिताने श्रीरामपूर येथे १८०५ साली मराठीचे एक व्याकरण छापले होते, पण ते इंग्रजीत आणि परकीयांच्या सोयीसाठी होते. शास्त्रीमंडळींचा मराठी कोश १८२९ साली आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. शब्द एकत्र झाले, पण ते कोणत्या नियमांनी परस्परांशी जोडले जातात हे मराठीतच सांगणारा ग्रंथ हवा होता.

असा ग्रंथ दादोबांनी लिहिला. महाराष्ट्र भाषेचे व्याकरण हा त्यांचा ग्रंथ १८३६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. इंग्रजी व्याकरणाची मांडणी त्यांनी पुढे ठेविली, परिभाषेसाठी संस्कृतकडे पाहिले, आणि उदाहरणे मात्र लोकांच्या बोलण्यातली घेतली. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी ह्या आठ शब्दजातींची जी गणना पुढे पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांनी पाठ केली, ती ह्याच ग्रंथाच्या द्वारे शाळांतून रूढ झाली.

ह्या ग्रंथाबद्दल एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. तारुण्यात मिळालेल्या कीर्तीवर दादोबा स्वस्थ बसले नाहीत. दुसरी आवृत्ती त्यांनी १८५० साली बरीच सुधारून व वाढवून काढिली. त्यानंतरच्या आवृत्त्यांतही त्यांची लेखणी फिरत राहिली. लहान मुलांकरिता त्यांनी लघुव्याकरण निराळे रचिले. पुढे १८८१ साली, म्हणजे देह ठेवण्याच्या केवळ एक वर्ष आधी, ह्याच व्याकरणाची पूरणिका त्यांनी प्रसिद्ध केली. पंचेचाळीस वर्षे एकाच कामातील उणिवा शोधीत राहणे ही एक प्रकारची तपश्चर्याच होय.

सुरतेस आगमन

विद्यार्थिदशा संपल्यावर दादोबांनी माळव्यातील जावरा संस्थानच्या तरुण नबाबाचे शिक्षक म्हणून काही काळ काम केले. तेथून ते मुंबईस परतले, आणि १८४० साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक शिक्षक झाले. ह्यानंतर लवकरच त्यांची नेमणूक सुरत येथील सरकारी इंग्रजी शाळेवर झाली.

त्या वेळची सुरत म्हणजे गतवैभवाची नगरी होती. मोगल बादशाहीचे हे मोठे बंदर; इंग्रजांनी आपली वखार १६१३ साली येथे घातली; शिवछत्रपतींच्या स्वाऱ्यांमुळे १६६४ आणि १६७० ही साले मराठी माणसाच्या स्मरणात कायम राहिली. पुढे मुंबई वाढली आणि सुरतेचा व्यापार ओसरला. त्यातच एप्रिल १८३७मध्ये शहरात भयंकर आग लागून हजारो घरे भस्मसात झाली, आणि त्याच वर्षी तापीच्या महापुराने उरलेल्यांस गाठले. नावाचे नबाबपद होते तेही १८४२ साली अखेरच्या नबाबाच्या मृत्यूबरोबर संपुष्टात आले. संकटे आली म्हणजे लोकांची श्रद्धा कधी शुद्ध होते, तर कधी भयाने भ्रमिष्ट होते. सुरतेत भूतबाधा, मूठ मारणे, जादूटोणा आणि मंत्रतंत्राच्या नावावर पोट भरणारांचे फावले होते. दुसऱ्या बाजूस ख्रिस्ती मिशनऱ्यांचे काम १८१५ पासून तेथे चालू होते, आणि हिंदू धर्म म्हणजे केवळ हे भ्रमच होत असे प्रतिपादन ते करीत असत. नवशिक्षित तरुण ह्या दोहोंच्या कात्रीत सापडला होता.

अशा नगरीत एक मराठी गृहस्थ गुजराती मुलांस इंग्रजी शिकवावयास येतो. चाकरीपुरते काम करून, महिन्याचे वेतन घेऊन, बदलीची वाट पाहत राहणे त्यास सहज शक्य होते. प्रांत परका, भाषा निराळी, आप्तेष्ट दूर. कोणी त्यास दोष दिला नसता. परंतु दादोबांच्या मनात धर्मविचाराची बेचैनी होती. मनुष्यमात्राचा निर्माता एक असता मनुष्यामनुष्यांत उच्चनीच भाव कोठून आला; विधी आणि आचरण ह्यांत ईश्वरास कोणते अधिक प्रिय; ज्या श्रद्धेने मनुष्य भेकड बनतो तीस श्रद्धा म्हणावे काय; असे प्रश्न त्यांस स्वस्थ बसू देईनात. ह्या चिंतनाचे फळ म्हणजे धर्मविवेचन हा त्यांचा निबंध होय. तो त्यांनी १८४३ साली, सुरतेच्या वास्तव्यातच लिहिला. एका परमेश्वराची भक्ती, प्रेम व सदाचार हेच धर्माचे मूळ, मनुष्यमात्राची एक जाती, प्रत्येकास विचार करण्याचे स्वातंत्र्य आणि सर्वांस ज्ञान मिळण्याचा हक्क, अशी तत्त्वे त्यात सांगितली आहेत. हा निबंध छापून निघण्यास मात्र १८६८ साल उजाडावे लागले. पंचवीस वर्षे तो हस्तलिखितच राहिला, ह्यावरून त्या काळी असे विचार उघड मांडणे किती जोखमीचे होते ह्याची कल्पना येईल.

पाच दकारांची सभा

सुरतेत दादोबांस एक समानधर्मी पुरुष भेटला. तो म्हणजे दुर्गाराम मंछाराम मेहताजी. दुर्गारामांचा जन्म सुरतेचाच, १८०९ सालचा. जातीने नागर ब्राह्मण. मुंबईस राहून शिक्षकाचे काम शिकून ते परत आले होते आणि १८२६ पासून आपल्या गावी गुजराती शाळा चालवीत होते. एक मराठी भाषेचा व्याकरणकार, दुसरा गुजराती शाळेचा मेहताजी. पण दोघांच्या मनातील तळमळ एकच होती. ह्या दोघांस दिनमणिशंकर शास्त्री, दलपतराम मास्तर आणि दामोदरदास येऊन मिळाले. पाचही नावांचा आरंभ द ह्या अक्षराने होत असल्यामुळे सुरतेचे लोक ह्या मंडळीस पाच दद्दे म्हणू लागले. त्या नावात थट्टा होती, पण पुढे तेच नाव इतिहासात मानाने राहिले.

ह्या मंडळींनी २२ जून १८४४ रोजी मानवधर्मसभा स्थापन केली. दादोबा तिचे अध्यक्ष व दुर्गाराम चिटणीस होते. सभेच्या नावातच तिचा हेतू स्पष्ट होता. अमुक एका जातीचा वा पंथाचा नव्हे, तर मनुष्याचा म्हणून जो धर्म, त्याचा विचार तेथे व्हावयाचा होता. सभेत व्याख्याने होत, प्रश्नोत्तरे होत, आणि मतभेद असणारांसही बोलण्यास वाव असे. मंत्रसामर्थ्याचा डौल मिरविणारांस दुर्गारामांनी उघड आव्हान दिले की त्यांनी आपली शक्ती चारचौघांत दाखवावी. ज्या शहरात मुठीच्या भीतीने माणसे रात्री दारे लावून बसत, तेथे हे आव्हान देणे हे धाडसाचे काम होते. ज्याच्या मनात ईश्वर वसतो त्यास मांत्रिकाचे भय कशाला, हा त्यातील सरळ भाव होता. सभेची हकीकत दुर्गारामांनी आपल्या रोजनिशीत टिपून ठेविली, आणि महीपतराम रूपराम नीळकंठ ह्यांनी १८७९ साली लिहिलेल्या दुर्गाराम-चरित्रामुळे ती जगास उपलब्ध झाली.

सभा स्थापन होऊन सुमारे दोन महिने झाले तोच, ऑगस्ट १८४४मध्ये, सरकारने मिठावरील कर मणामागे आठ आण्यांचा एक रुपया केला आणि सुरतेत मोठा प्रक्षोभ उसळला. शहर राजकीय दृष्ट्या असे तापले असता धर्म व सदाचार ह्यांविषयी शांतपणे बोलणारांची सभा चालू राहिली, हे त्यांच्या निष्ठेचे द्योतक आहे.

ही सभा फार काळ टिकली नाही. दादोबांची बदली १८४६ साली मुंबईस झाली. दुर्गाराम १८५२ साली राजकोटास गेले, आणि सभेचे कार्य बंद पडले. संख्येच्या मापाने पाहू जाता हे अपयशच म्हणावे लागेल. सभेची इमारत उभी राहिली नाही, फंड जमला नाही, अनुयायांची पिढी तयार झाली नाही. तरी पश्चिम हिंदुस्थानातील अर्वाचीन धर्मसुधारणेचा इतिहास लिहिणारे सुरतेच्या ह्या लहानशा सभेपासून आरंभ करितात. मराठी आणि गुजराती अशा दोन भाषा बोलणारांनी एकत्र बसून एका ईश्वराचा विचार केला, ह्याचेही अप्रूप थोडे नाही.

गुप्ततेचे ओझे

मुंबईस परतल्यावर दादोबांकडे शिक्षक तयार करण्याच्या नॉर्मल क्लासचे काम आले. त्याच सुमारास, १८४७ साली, त्यांचे धाकटे बंधू भास्कर पांडुरंग हे ऐन तारुण्यात निवर्तले. भास्करपंतांनी १८४१ साली बॉम्बे गॅझेट पत्रात एक हिंदू ह्या टोपणनावाने पत्रे लिहून इंग्रजी अंमलाच्या शोषक स्वरूपावर कठोर टीका केली होती. एक भाऊ राज्यकर्त्यांचे दोष दाखवीत होता, दुसरा समाजाचे. दोघांसही सत्य सांगण्याची ओढ सारखीच होती. असा भाऊ गमावल्याचे दुःख दादोबांस किती झाले असेल हे सांगणे नलगे.

पुढे १८४९ साली मुंबईत परमहंससभा स्थापन झाली. राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष होते आणि दादोबा तिचे वैचारिक मार्गदर्शक होते. सुरतेच्या सभेतील तत्त्वेच येथे अधिक कडकपणे अंगीकारली गेली. जातिभेद केवळ शब्दांनी नाकारून भागणार नाही म्हणून सभासद होणारास परजातीच्या हातची भाकरी अथवा पाव खावा लागे. परंतु एक मोठा फरक होता. सुरतेची सभा उघड होती, मुंबईची गुप्त. सभासदांची संख्या पुरेशी वाढेपर्यंत कोणाचेही नाव बाहेर फोडावयाचे नाही असा संकेत होता. सभेच्या शाखा अन्य गावीही निघाल्या, तरुण सुशिक्षित तीत आले, आणि अकरा वर्षे हे कार्य पडद्याआड चालले. नंतर १८६० साली सभेची कागदपत्रे चोरीस गेली आणि सभासदांची नावे फुटण्याचा प्रसंग आला. जातिबहिष्काराच्या भयाने मंडळी गडबडून गेली आणि सभा मोडली.

दादोबांच्या चरित्रातील हा कठीण भाग आहे, आणि तो झाकून ठेवणे त्यांच्यावर अन्याय करण्यासारखे होईल. सुरतेत परक्या गावी जे उघडपणे बोलता आले ते स्वतःच्या शहरात, आपल्या जातीगोतीत, उघडपणे करणे त्यांस व त्यांच्या सोबत्यांस साधले नाही. निर्भयतेचा उपदेश करणे सोपे. पण मुलाबाळांची लग्ने, घरातील वडीलधाऱ्यांची मने आणि शेजाऱ्यांचा व्यवहार ह्यांच्या मध्ये उभे राहून निर्भय होणे फार कठीण. ज्याने मुठीच्या भयास आव्हान देणाऱ्या सभेचे अध्यक्षस्थान भूषविले, त्यास बहिष्काराच्या भयापुढे आपली सभा विरताना पाहावी लागली.

तरी हे अपयशही वाया गेले नाही. दादोबांचे कनिष्ठ बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग ह्यांच्या पुढाकाराने ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. तो समाज उघड होता. त्याच्या उपासनेत तुकोबारायादी संतांच्या अभंगांस मानाचे स्थान मिळाले. गुप्त सभेने जे साधले नाही ते उघड प्रार्थनेने साधले, आणि परंपरेशी वैर धरून जे साधले नसते ते संतांचे बोट धरल्याने साधले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर ह्यांच्यासारखे पुरुष पुढे त्या समाजाचे आधारस्तंभ झाले.

अधिकाराचे दिवस

सरकारी चाकरीत दादोबांची चढती कमान होती. मराठी शाळांचे सुपरिटेंडेंट म्हणून त्यांनी ठिकठिकाणच्या शाळा तपासल्या. पुण्यात जोतीराव फुले ह्यांनी मुलींसाठी चालविलेल्या शाळेची तपासणीही त्यांनी १८५१ साली केली. ज्या काळी मुलीच्या हाती पाटी देणे हे अनेकांस पाप वाटे, त्या काळी सरकारी शाळा-तपासनिसाने तेथे जाऊन मुलींची परीक्षा घेणे हे त्या कार्यास बळ देणारे होते. विधवांच्या दुःखाविषयी त्यांनी विधवाश्रुमार्जन ह्या नावाचा निबंध लिहिला, ह्यावरूनही त्यांच्या अंतःकरणाची दिशा समजते.

त्यांस १८५२ साली अहमदनगर येथे डेप्युटी कलेक्टर नेमण्यात आले. त्या जिल्ह्यात भिल्लांनी उठाव केला असता दादोबांनी त्याचा बंदोबस्त केला, आणि त्याबद्दल सरकारने त्यांस रावबहादुर हा किताब दिला. लौकिक यशाचा हा कळस होय. पंतोजींच्या शाळेतून निघालेला मुलगा जिल्ह्याचा अधिकारी आणि सरकारमान्य पुरुष झाला. परंतु ज्या डोंगरी लोकांवर हा बंदोबस्त झाला तेही मानवधर्माच्या कक्षेतीलच होते, आणि त्यांच्या असंतोषास कारणे होती, ही गोष्ट आज नजरेआड करिता येत नाही. मनुष्यमात्र एक मानणारा पुरुष राज्ययंत्राचा भाग झाला म्हणजे त्यास काय काय करावे लागते, ह्याचे हे उदाहरण आहे. किताबाने त्यांचे नाव मोठे झाले. तथापि लोकांनी त्यांस स्मरणात ठेविले ते व्याकरणासाठी आणि धर्मविचारासाठी, किताबासाठी नव्हे.

केकावलीची सेवा

दादोबांच्या आयुष्यातील ज्या कार्याकडे भाविकांचे मन विशेष वेधेल ते आता सांगावयाचे आहे. मोरोपंत पराडकर, ज्यांचा काळ १७२९ ते १७९४, हे बारामतीचे विद्वान महाकवी. महाभारत, भागवत आणि अनेक रामायणे त्यांनी मराठीत आणिली. त्यांच्या उत्तरवयातील केकावली हे स्तोत्रकाव्य भक्तिरसाने ओथंबलेले आहे. केका म्हणजे मोराचा टाहो. आपल्या नावावर श्लेष साधून कवीने, मेघासाठी आक्रंदणाऱ्या मयूराप्रमाणे, परमेश्वरास पृथ्वी वृत्तातील श्लोकांनी आळविले आहे. परंतु समासप्रचुर भाषा, दूरान्वय आणि पुराणकथांचे सूक्ष्म उल्लेख ह्यांमुळे हे काव्य सामान्य वाचकास दुर्बोध होते.

ह्या केकावलीवर दादोबांनी विस्तृत टीका लिहिली आणि ती १८६५ साली प्रसिद्ध केली. प्रत्येक श्लोकाचा अन्वय लावावा, शब्दाचा अर्थ उकलावा, कथेचा संदर्भ द्यावा आणि कवीचा भाव वाचकाच्या हाती ठेवावा, असे हे काम. ज्या व्याकरणविद्येने त्यांस कीर्ती दिली तीच विद्या येथे एका भक्ताचा टाहो इतरांस समजावून देण्याच्या कामी लागली. आणि टीकेचे नाव त्यांनी ठेविले यशोदापांडुरंगी. मातापित्यांची नावे एकत्र गुंफून त्यांनी हा ग्रंथ जणू त्यांच्या चरणी अर्पण केला. त्यात आणखी एक गोडी अशी की यशोदा ही गोपाळकृष्णाची माता आणि पांडुरंग हे पंढरीच्या विठ्ठलाचे नाव. तेव्हा मातापितरांचे स्मरण करू जाता देवाचे स्मरण आपोआप घडते.

येथे जिज्ञासू वाचकाच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. परंपरागत आचारांवर टीका करणारा, जातिभेद व मूर्तिपूजा ह्यांविषयी शंका घेणारा पुरुष अवतारकथांनी भरलेल्या ह्या सगुणभक्तीच्या काव्यात इतका कसा रमला? ह्याचे उत्तर त्यांच्या स्वभावात आहे. त्यांचे भांडण दंभाशी होते, भक्तीशी नव्हते. कवी आपल्या विद्वत्तेचा अभिमान टाकून देवापुढे पातकी म्हणून उभा राहतो, हा केकावलीतील दैन्यभाव दादोबांच्या अंतःकरणास भिडला. मठाचा आश्रय करणाऱ्या भाविकांस त्यांची सर्वच मते मान्य होतील असे नाही, आणि तसा आग्रह धरण्याचेही कारण नाही. परंतु श्रद्धेने भय जावे, विद्येने विनय यावा आणि भक्तीने मनुष्यामनुष्यांतील अंतर कमी व्हावे, हे जे त्यांचे साध्य, ते कोणत्याही सत्संप्रदायास परके नाही.

अखेरची वर्षे

उत्तरवयातही त्यांची जिज्ञासा मंदावली नाही. स्वीडनदेशीय तत्त्वचिंतक इमॅन्युएल स्वीडनबोर्ग ह्यांच्या ग्रंथांचे त्यांनी मनन केले, आणि त्यांविषयी एका हिंदू गृहस्थाचे विचार अशा आशयाचा इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो १८७८ साली लंडन येथे प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या विचारांचा हिंदू माणसाने, धर्मांतर न करिता, आदराने व स्वतंत्र बुद्धीने परामर्श घ्यावा, ही गोष्ट त्या काळी विरळाच. त्यानंतर १८८० साली पारमहंसिक ब्राह्मधर्म हे त्यांचे पुस्तक निघाले. वीस वर्षांपूर्वी मोडलेल्या सभेचे नाव त्यांनी आपल्या ग्रंथाच्या शीर्षावर उघडपणे घातले, ह्यास विशेष अर्थ आहे. जे तारुण्यात गुप्त ठेवावे लागले ते वार्धक्यात स्वतःच्या नावाने छापून त्यांनी जुने ओझे उतरविले असे म्हणता येईल.

दादोबांचा देहान्त १७ ऑक्टोबर १८८२ रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी झाला. त्यांचे अपुरे आत्मचरित्र बरीच वर्षे अप्रकाशित होते. संशोधक अ. का. प्रियोळकर ह्यांनी ते संपादून व त्यास पुढील चरित्राची जोड देऊन १९४७ साली प्रसिद्ध केले, आणि एका थोर पुरुषाची घडण त्याच्याच शब्दांत महाराष्ट्रास कळली.

दादोबांच्या जीवनाचा जमाखर्च मांडू जाता जमेच्या बाजूस अधिकार व किताब आहेत. पण त्यांची शिल्लक काळाने फार ठेविली नाही. ज्या गोष्टी त्या वेळी खर्ची पडल्यासारख्या वाटल्या, म्हणजे बाविसाव्या वर्षी लिहिलेले आणि जन्मभर दुरुस्त केलेले व्याकरण, परगावी मित्र जोडून चालविलेली आणि लवकरच बंद पडलेली सभा, पंचवीस वर्षे पेटीत राहिलेला निबंध, दुसऱ्या कवीच्या स्तोत्रावर केलेली टीका, त्यांचीच आज आठवण उरली आहे. मराठी शाळेतील मूल नाम आणि सर्वनाम हे शब्द उच्चारते तेव्हा ते नकळत दादोबांचे ऋण मान्य करीत असते. तापीकाठच्या नगरीत पाच मित्रांनी जो प्रश्न विचारिला, की मनुष्याचा म्हणून धर्म कोणता, तो प्रश्न अद्यापि जुना झालेला नाही. प्रत्येक पिढीने, प्रत्येक भक्ताने, आपल्या आचरणाने त्याचे उत्तर द्यावयाचे आहे. ते उत्तर देण्याचे बळ श्रीगुरुकृपेने सर्वांस लाभो.